सदाशिव पेठेतल्या वाचनालयाचे भुतांचे कपाट

सदाशिव पेठेत, पाडलेल्या एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांचे एक खासगी वाचनालय आहे. संध्याकाळी सहानंतर तेथे उभे राहण्यापुरतीही जागा उरत नाही आणि नव्या सभासदांची भर पडू नये म्हणून चालकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. तिचा मान राखून हे परीक्षण लिहीत आहे. कथा-कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने आणि पाककृतींची पुस्तके येथेही आहेत, पण ती पुण्यातील कोणत्याही बऱ्या वाचनालयात मिळतात. माझा विषय आतल्या खोलीतील शेवटचे कपाट हा आहे. भयकथा, गूढकथा आणि अद्भुतकथा यांना स्वतंत्र कपाट देणारे दुसरे वाचनालय माझ्या पाहण्यात नाही. इतरत्र ही पुस्तके ‘रहस्य’ अशा चिठ्ठीखाली गुप्तहेरांच्या शेजारी कोंबलेली असतात आणि हडळ शोधायला गेलेल्या वाचकाच्या हाती हिऱ्यांची चोरी लागते.

व्यवहार साधा आहे. अनामत रक्कम परत मिळते, वर्गणी महिन्याची किंवा थोड्या सवलतीत वर्षाची भरता येते, आणि एका वेळी दोन पुस्तके व एक मासिक नेता येते. घरपोच सेवा नाही, मात्र मुदतवाढ फोनवर मिळते. काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे सभासद काकू म्हणतात. भुतांच्या कपाटापाशी प्रथमच आलेल्या माणसाला त्या एकच प्रश्न विचारतात : “भूत हवंय, की भूत घालवणारा हवाय?” ऐकताना हसू येते, पण मराठी भयकथेच्या वाचकांची याहून नेमकी विभागणी मला तरी करता आलेली नाही. मी पहिल्या गटातला आहे हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढची मते त्याच बाजूला झुकलेली आहेत.

दुसऱ्या गटाची सोय वरच्या दोन कप्प्यांत आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे नारायण धारपांचे आहेत. धारप (१९२५–२००८) पुण्याचेच. त्यांच्या लेखनाचा पसारा एवढा मोठा की, निम्मी पुस्तके बाहेर गेलेली असतानाही कप्पे रिकामे दिसत नाहीत. समर्थ या त्यांच्या भूत घालवणाऱ्या नायकाच्या कथांची चाल ठरलेली असते : एखाद्या सालस कुटुंबावर अनाकलनीय संकट येते, डॉक्टर आणि देवधर्म दोन्ही थकतात, कोणीतरी समर्थांचे नाव सुचवते आणि समर्थ येऊन त्या दुष्ट शक्तीचा बंदोबस्त करतात. हे सारे आपल्याला सांगतात ते समर्थांचे सोबती अप्पा. समर्थांविषयी वाचकांना वाटणारा जिव्हाळा मला समजतो. शांत, मितभाषी, मानधनाची अपेक्षा नसलेला आणि अंधश्रद्धेचा बाजार न मांडणारा असा हा माणूस आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे जे रूप आपल्याला हवेहवेसे वाटते आणि प्रत्यक्षात क्वचित दिसते, ते त्याच्यात आहे. परंतु कथेतील पात्र म्हणून समर्थांची एक अडचण आहे, ती म्हणजे ते हरत नाहीत, आणि जिंकण्यासाठी त्यांना स्वतःचे काही गमवावेही लागत नाही. चार-पाच कथा वाचल्यानंतर भीतीचा केंद्रबिंदू आपोआप सरकतो. समर्थांचे काय होईल ही काळजी उरत नाही, ते येईपर्यंत त्या घराचे काय होईल एवढीच उरते. म्हणून या कथांचा उत्तम भाग नेहमी त्यांच्या आगमनापूर्वीचा असतो, जेव्हा धाकट्या मुलाचे बोलणे बदललेले असते, सुनेने एका खोलीत जाणे बंद केलेले असते आणि घरातील कर्ता पुरुष हे सगळे ऑफिसच्या ताणावर ढकलत असतो. साध्या घराची घडी हळूहळू विस्कटत जाते ती दाखवण्यात धारपांचा हात धरणारा लेखक मराठीत दुसरा नाही.

अप्पांच्या बाबतीत माझे मत अधिक अनुकूल आहे. होम्सला वॉटसन हवा, तसा समर्थांना अप्पा हवा, हे तर उघडच आहे. पण वॉटसनला खुनी माणसाचे भय वाटते, अप्पांना ज्याचे भय वाटते त्याला नावही नसते. समर्थांचा विजय इतक्या वेळा पाहिलेला असूनही हा गृहस्थ प्रत्येक वेळी नव्याने घाबरतो. तर्काला हे पटत नसले तरी या कथांचा सगळा डोलारा त्या घाबरण्यावर उभा आहे.

आता कपाटाच्या तळाशी असलेल्या कप्प्याकडे. तेथे लोककथांचे संग्रह, ‘वेताळपंचविशी’ची जुनी आवृत्ती आणि कोकणातील भुताखेतांविषयीची पुस्तके आहेत. खाली वाकून पाहावे लागत असल्याने बहुतेक सभासद तिकडे वळत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हाच कप्पा वर्गणी वसूल करून देणारा आहे. लोकसमजुतीतील भुतांना प्रत्येकी एक चरित्र असते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली स्त्री अळवंतीण होते. धनाला चिकटून राहिलेला जीव समंध होऊन त्या धनाची राखण करतो. माणसाचे कोणते कार्य अर्धवट राहिले, यावरून त्याच्या भुताची जात ठरते. जात ठरली की त्याची जागा ठरते, मागणी ठरते आणि त्याला थोपवण्याचा उपायही ठरतो. भुताचे नियम त्याच्या आयुष्यातूनच निघतात. वेताळाचेच पाहा : राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो, आणि राजाने मौन मोडले की झाडावर परत जातो. तो घाबरवत नाही, खरे तर त्याच्या बोलण्यात एक प्रकारचा रसिकपणा आहे, तरीही त्याच्याइतके ठसठशीत अलौकिक पात्र नंतरच्या मराठी साहित्यात मला आढळलेले नाही. वेताळ टेकडीवर रोज सकाळी चालायला जाणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांनी त्या देवळातल्या देवाच्या गोष्टी शाळा सोडल्यानंतर पुन्हा वाचल्या असतील, कोण जाणे.

या कप्प्यावरून उठून वर पाहिले की, समर्थांच्या प्रतिस्पर्ध्यांत काय उणे आहे ते ध्यानात येते. ते बहुधा मानवी जगाबाहेरून आलेले असतात, त्यांची ताकद अफाट असते, पण त्यांना मागचे आयुष्य नसते. पहिल्या वाचनात ते झोप उडवतात. दुसऱ्या वाचनात त्यांच्याविषयी विचार करण्यासारखे काही सापडत नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) मधल्या कप्प्यात आहेत आणि माझ्या दृष्टीने त्यांची जागाही वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या बरोबर मध्येच आहे. ते आपल्या कथांना भयकथा न म्हणता गूढकथा म्हणत. त्यांच्या कथांमधून येणारी माणसे चाळीत आणि फ्लॅटमध्ये राहणारी, हेवा करणारी, अपराध लपवणारी अशी असतात. अलौकिक शक्ती त्यांच्यावर बाहेरून चालून येत नाही, त्यांनी आधीच उघडे टाकलेल्या दारातून आत शिरते. म्हणून मतकरींचे मेलेले पात्रदेखील कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी मुलगी असते. गंमत अशी की, मराठी मुलांची चेटकिणीशी पहिली भेट घडवणारे ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्यही त्यांचेच आहे. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली ती चेटकीण ज्यांनी लहानपणी पाहिली, ते मोठेपणी याच लेखकाच्या चेटकिणीविना असलेल्या कथा वाचून अधिक घाबरले असतील. वाचनालयाने बालनाट्ये पुढच्या खोलीत बालविभागात ठेवली आहेत. नियमाला धरून ते योग्यच आहे, पण एक प्रत या कपाटात ठेवायला हरकत नसावी.

काकूंचे म्हणणे असे की, ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा धारपांची मागणी एकदम वाढली, कारण त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे दिग्दर्शकाने सांगितले होते. चित्रपट पाहून आलेल्या तरुणांना समर्थ हातात दिले की त्यांतील काही निराश होऊन परततात, असेही त्या म्हणाल्या, आणि त्याचे कारण मला पटण्यासारखे वाटते. चित्रपटातील हस्तर हा शापित देवपुत्र वरच्या कप्प्यापेक्षा तळाच्या कप्प्याचा नातेवाईक आहे. सोन्याबरोबर धान्याचाही लोभ धरल्याने त्याला शिक्षा झाली, सोने हाती राहिले पण धान्य कायमचे दुरावले, आणि म्हणूनच पिठाने त्याला भुलवता येते व पिठाच्या रिंगणाने थोपवताही येते. त्याच्या भुकेलाही असा इतिहास आहे. पुण्यात राहून मोहरांसाठी पुन्हा पुन्हा कोकणात उतरणारा विनायक त्याच्यासमोर उभा राहिला की दोन लोभी जीव एकमेकांना ओळखतात, आणि तो प्रसंग कोणत्याही किंकाळीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

पुण्याच्या स्वतःच्या प्रसिद्ध भुताला मात्र या कपाटात न्याय मिळालेला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. ज्या काकांकडे ते जीव वाचवण्यासाठी धावले, त्यांच्याच पक्षाने मारेकरी नेमलेले होते. यापेक्षा भरीव चरित्र असलेले भूत कोणत्या लेखकाला मिळणार आहे? तरीही शनिवारवाड्यावरच्या ज्या कथा मी येथे वाचल्या, त्यांत नारायणराव अमावास्येला हाक मारण्यापलीकडे काही करत नाहीत. त्यांना काय विचारायचे आहे, आणि ते कोणाला विचारायचे आहे, या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही.

इंग्रजीतून आलेल्या अनुवादांचा कप्पा लहान आहे. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आहेच, आणि त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. एवढेच नोंदवतो की, त्याच्या धर्तीवर मराठीत लिहिणाऱ्यांनी शवपेटीत झोपणारे पिशाच जसेच्या तसे उचलले, तेव्हा प्रेताला अग्नी देणाऱ्या समाजात ते दिवसा राहणार कुठे, हा व्यावहारिक प्रश्न बहुधा कोणी विचारात घेतला नाही.

माझ्या या मतांना छेद देणारा पुरावा वाचनालयातच आहे, हेही सांगायला हवे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. समर्थांच्या पुस्तकांवर चिठ्ठीवर चिठ्ठी चढलेली आहे, मतकरींच्या पुस्तकांवर त्याहून कमी, आणि ‘वेताळपंचविशी’च्या चिठ्ठीवर मोजकेच शिक्के आहेत. समर्थांचे तेच पुस्तक एकच सभासद पुन्हा पुन्हा नेतो, असेही काकूंनी सांगितले. दिवसभर ज्याचे कोणी ऐकत नाही, अशा माणसाला रात्री निजताना सगळे नीट करून देणारा कोणीतरी हवा असतो. ही गरज मी नाकारत नाही, फक्त तिचा आणि भयाचा संबंध मला थोडा दूरचा वाटतो.

पुस्तकांच्या अवस्थेबद्दल तक्रारी आहेत. फेरबांधणी करताना पाने आतल्या बाजूने इतकी कापली गेली आहेत की, काही प्रतींत प्रत्येक ओळीतले पहिले अक्षर अंदाजाने वाचावे लागते. दोन-तीन पुस्तकांचे शेवटचे पान गायब आहे. प्रेमकथेत ते चालून गेले असते. येथे तो अन्याय आहे. त्याहून वाईट म्हणजे पूर्वीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी, कारण ‘हा आधीच मेलेला आहे’ असे तिसऱ्या पानावर लिहून ठेवणाऱ्या सभासदाला वाचनालयाने शोधून काढायला हवे. छापील यादी जुनी आहे आणि तीत भयकथा अजूनही ‘रहस्य’ विभागातच आहेत. त्यामुळे यादी बाजूला ठेवून काकूंना विचारणे हाच उत्तम मार्ग. नव्या लेखकांची खरेदी फार थोडी होते, आणि ऑनलाइन लिहिणाऱ्या पिढीतील जवळजवळ कोणीच येथे नाही.

माझा सर्वांत मोठा आक्षेप दिवाळी अंकांविषयीचा आहे. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने काढला, आणि पुढे भयकथा व गूढकथा ज्या प्रमाणात अंकांमधून वाढल्या, त्या प्रमाणात पुस्तकांतून वाढल्या नाहीत; ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारखे अंक तर अशाच कथांसाठी ओळखले गेले. अंकात आलेली प्रत्येक कथा पुढे संग्रहात जातेच असे नाही. या वाचनालयाची दिवाळी अंक योजना चांगली आहे, एकरकमी शुल्कात हवे तेवढे अंक वाचायला मिळतात, पण हंगाम संपला की सगळे अंक सुतळीने बांधून रद्दीत जातात. भुतांसाठी वेगळे कपाट ठेवणाऱ्या वाचनालयाने वर्षाकाठी एवढे दोन-तीन अंक बांधून ठेवले असते, तर आज तेथे असा संग्रह उभा राहिला असता जो मोठ्या ग्रंथालयांतही सहज सापडणार नाही. हे मी काकूंना सुचवले. जागा नाही, असे उत्तर मिळाले आणि ते खोटेही नाही. गठ्ठे होळीच्या आसपास बांधले जातात. त्याआधी काउंटरवर नाव आणि अंक लिहून ठेवल्यास छापील किमतीच्या निम्म्याहून कमी रकमेत ते सभासदांना मिळतात. फक्त नेताना मुखपृष्ठ आणि शेवटचे पान तपासून घ्यावे.