महारेराचे संकेतस्थळ: सोसायटीतली मोकळी जागा तपासायला कितपत कामाचे?

महारेरा म्हणजे राज्यातल्या घरबांधणी प्रकल्पांची नोंदणी करणारे नियामक प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळाला पाचपैकी साडेतीन तारे. कागद हाती येतात, पण ते वाचायची मेहनत आपली.

जाहिरातीवरचा क्यूआर कोड (1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा) स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. सुविधांच्या तक्त्यात सांडपाणी, पथदिवे यांच्या जोडीला ‘रिक्रिएशनल ओपन स्पेस’ (मनोरंजनाची मोकळी जागा) अशी ओळ असते. तिच्यावर विसंबू नका. ती विकासकाने स्वतः भरलेली असते.

खरा ऐवज मंजूर ले-आउटमध्ये, म्हणजे भूखंडाच्या मान्यताप्राप्त आराखड्यात आहे. फाइल उतरवा आणि त्यातला क्षेत्रफळाचा तक्ता मोठा करून बघा. युडीसीपीआरच्या (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या) नमुन्यात पहिल्या ओळीत भूखंड, दुसरीत रस्ता व आरक्षणाची वजावट, तिसरीत उरलेले क्षेत्र. सहाव्या ओळीत मोकळी जागा: ‘आवश्यक’ किती, ‘प्रस्तावित’ किती. मुंबई सोडून बहुतेक शहरांना लागू असलेल्या या नियमावलीत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला 10 टक्के जागा सोडावी लागते. भूखंड 12,000, त्यातले 1,000 रस्त्यात गेले, तर उरलेल्या 11,000 वर 1,100 चौरस मीटर. अंतर्गत रस्ते यात धरत नाहीत. चौथ्या ओळीतली ‘अ‍ॅमिनिटी स्पेस’ (सार्वजनिक सुविधांची जागा) ही वेगळी, तिथे उद्या शाळा किंवा दवाखानाही येऊ शकतो. ब्रोशरमध्ये मात्र सगळ्याला एकच हिरवा रंग!

आकडा जुळला तरी जागा नकाशावर बोट ठेवून शोधा. पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, क्लबहाऊस आणि अग्निशमन गाडीचा रस्ता त्याच तुकड्यात कोंबले असतील, तर मुलांना खेळायला उरणार काय? पोडियमवरची (पार्किंगच्या मजल्यांवरच्या सपाट छतावरची) बाग हिशेबात धरली आहे का, तेही पाहा. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये कोहिनूर सीटीएनएल या विकासक कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच हवे. ते योग्यच होते. पोडियमवर मातीचा थर मर्यादित, वड-पिंपळ तिथे कुठले वाढायला!

संकेतस्थळ सर्वात तोकडे पडते ते टप्प्यांच्या प्रकल्पात. एकाच ले-आउटमधल्या इमारतींना वेगवेगळे नोंदणी क्रमांक असतात. त्यामुळे एकच मैदान तीन टप्प्यांच्या पानांवर दिसू शकते, नाहीतर ते नोंदणीच न झालेल्या शेवटच्या टप्प्यात असते. सगळे एका नकाशावर दाखवायची सोय नाही. सर्व्हे नंबर जुळवून प्रत्येक टप्प्याचा ले-आउट शेजारी ठेवावा लागतो. काही स्कॅन इतके पुसट असतात की तक्त्यातला 3 आणि 8 ओळखू येत नाही.

जुने आणि सुधारित असे दोन्ही नकाशे उपलब्ध असतील, तर दोन्ही ठेवून घ्या. महारेरा ज्याखाली चालते त्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार मंजूर ले-आउट किंवा सामायिक जागा बदलायला दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते. काही करारनाम्यांत ही संमती आधीच देऊन टाकल्याचे कलम घुसडलेले असते. सहीपूर्वी ते काढायला सांगा. आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प इथे सापडतीलच असे नाही, कारण त्यांना नोंदणीची सक्ती नाही.

नकाशा वाचता येत नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सर्व्हे नंबर आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख द्या. नकाशाच्या प्रतीचे पैसे वेगळे पडतात.