कार्बन स्टीलची सुरी, ठाण्याचा पावसाळा आणि मी केलेले बदल

एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्याशिवाय या सुरीबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. कार्बन स्टील, म्हणजे लवकर गंजणारं पोलाद, नवं असताना सगळ्यांनाच आवडतं. ठाण्यात त्याची परीक्षा जुलैत होते. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, खाडीचा खारा वारा, आणि कपाटातल्या चपलांनाही बुरशी.

सुरी न दुमडणारी. पातं साधारण चार इंच, जाडी अडीच मिलिमीटर, रबरी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. घडण स्कँडिनेव्हियातली, म्हणजे स्वीडनमधल्या मोरा भागातल्या सुऱ्या किंवा फिनलंडचा पुक्को असतो त्या वळणाची: दोन्ही बाजूंना एकच रुंद उतार, थेट धारेपर्यंत गेलेला. अशा सुऱ्या बरेच जण बनवतात आणि माझं म्हणणं घडणीबद्दल आहे, म्हणून कंपनीचं नाव देत नाही.

चाचणी येऊरला केली नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे फांदी तोडणं नाही आणि जाळ करणं तर नाहीच. हौसेपोटी तिथे झाडांच्या सालीवर धार बघणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. माझं सगळं काम मुरबाडकडे मामांच्या वाडीत झालं. तिथे गिरिपुष्पाचं कुंपण आहे, बांबूचं बेट आहे, आणि वाळलेली कारवी हवी तेवढी मिळते.

लाकूड तासायला ही सुरी अप्रतिम आहे. रुंद उतार लाकडावर सपाट टेकवला की कोन आपोआप सापडतो, मनगटाला तो शोधावा लागत नाही. भिजलेल्या काटकीची वरची साल काढून आतल्या कोरड्या गाभ्याचे न तुटणारे, कुरळे काप काढणं हे पावसात जाळ धरवण्याचं मुख्य काम, आणि ते ही सुरी कोयत्यापेक्षा कितीतरी सहज करते. वाडीत कामाला येणारे ठाकर काका कमरेच्या आकडीत कोयता घेऊन फिरतात. त्यांनी दोन काड्या तासून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्यानं फांदी तुटायची नाय, पण काडी झ्याक निघतीय." मला हाच निकाल मान्य आहे. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नाही, म्हणून खैर, बाभूळ असलं कठीण लाकूड ठोकून फोडायला मी ती वापरत नाही. वाळका बांबू मात्र हलक्या ठोक्यानं सरळ चिरतो.

आता बदलांबद्दल. पहिला बदल पात्याच्या पाठीचा, म्हणजे धारेच्या उलट बाजूचा. पाठीच्या कडा गोल होत्या, त्यामुळे फेरो रॉडवर, म्हणजे खरवडून जाळ धरवायच्या कांडीवर, ठिणगी पडेना. हा रॉड सिरियम आणि लोखंडाच्या मिश्रधातूचा असतो. खरवडून निघालेला कण हवेत पेटतो, पण त्यासाठी खरवडणारी कड काटकोनात आणि तीक्ष्ण लागते. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ते काम मशीनच्या घासायच्या बेल्टवर मिनिटात झालं असतं. मी नको म्हटलं. असल्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लालभडक तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर, साधारण २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. घासताना पातं त्याहून बरंच तापलं, निळसर झाक आली, की पाणी उतरलं समजायचं. मग धार टिकत नाही. पातळ पात्याला तापायला वेळ लागत नाही. म्हणून डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या घासायच्या पट्टीवर, पाणी शिंपडत, हातानं घासली. तीही फक्त मुठीकडची अर्धी पाठ. पुढची अर्धी गोलच ठेवली, कारण बारीक काम करताना अंगठा तिथे दाबावा लागतो. आता वाळक्या सोडणाचा काथ्या पिंजून त्यात सावरीचा कापूस मिसळला की त्यावर ठिणगी लगेच धरते. नुसता कापूस भपकन जळून जातो. काथ्या तो जाळ धरून ठेवतो.

दुसरा बदल गंजासाठी. पातं खोबरेलाचा अंश राहणार नाही असं साबणानं धुतलं, व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन पुसलं. राखाडी-काळा थर आला. नंतर कैरी आणि लिंबं कापून तो आणखी गडद झाला. हा थर लाल गंज थोपवतो, पण पूर्ण अडवत नाही. काम झालं की पुसून खोबरेलाचं बोट फिरवायचं, हे चुकवून चालत नाही. हीच सुरी खाण्यालाही लागते म्हणून मशीनचं तेल नको, आणि जवसाचं तेल सुकून चिकट पापुद्रा धरतं. खोबरेल सुकत नाही.

म्यानाबाबत माझं मत ठाम आहे: कोकणपट्टीच्या पावसात चामड्याचं म्यान नको. दिसतं देखणं, पण ओल धरून ठेवतं आणि पात्याला चिकटून राहतं. प्लॅस्टिकच्या म्यानाला तळाशी भोक असतं, पाणी निघून जातं. त्याची पट्ट्यावर अडकवायची क्लिप मात्र बसता-उठता निसटायची. ती काढून स्टेशनजवळच्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडून नायलॉनच्या पट्टीचा फास शिवून घेतला. म्यानावर सायकलच्या ट्यूबच्या चकत्या चढवल्या, त्यांत फेरो रॉड घट्ट बसतो. मूठ हिरवी होती, गवतात दिसेनाशी व्हायची; तिच्यावर नारिंगी टेप गुंडाळली.

धार लावायला काचेवर चिकटवलेला १००० नंबरचा वॉटर पेपर पुरतो, शेवटी चामड्यावर हिरवं पॉलिश. उतार सपाट टेकवून घासायचं, एवढंच. बांबूत सिलिका असते, त्यामुळे त्यावर धार लवकर बोथट होते. बांबूचं काम असेल त्या दिवशी मी शेवटचे दोन-तीन हात किंचित उभ्या कोनात मारतो. तासताना फरक जाणवत नाही, धार जास्त टिकते.

स्वयंपाकात कांदा, मिरची, टोमॅटो ठीक. गाजर किंवा सुरण कापायला गेलं तर पातं पाचरीसारखं आत शिरतं आणि तुकडा तडकतो. त्यासाठी विळीच बरी.

सुरी नेण्याबद्दल नव्यांनी एवढं लक्षात ठेवा. शस्त्र नियम, २०१६ मधली ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा या सुरीपासून लांब आहे. पण ठाण्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वेळोवेळी निघतात, आणि त्यांत सुऱ्याही येतात. आदेश लागू असताना सुरी घरीच ठेवा. एरवीही मी ती लोकलमध्ये कमरेला लावत नाही. म्यानासकट कापडात गुंडाळून सॅकच्या तळाशी असते आणि वाडीवर पोचल्यावरच बाहेर निघते.

मासे साफ करायला किंवा उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर न्यायला कोणी सुरी विचारली तर मी याच घडणीची स्टेनलेस घ्या म्हणतो. धार लावायला थोडी जास्त मेहनत पडेल, पण खाऱ्या पाण्यात कार्बन स्टीलवर संध्याकाळपर्यंत तांबडे ठिपके उमटतात.