सीपॅपऐवजी दातांची पट्टी: रेडीमेड घ्यावी की मापाची?

झोपेत वारंवार श्वास अडतो त्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, आणि त्यावर मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन वापरतात. त्याचा मास्क ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी हा खरा पर्याय आहे. पण ती डेन्टिस्टनं माप घेऊन केलेली आणि नंतर पुढेमागे करता येणारी हवी. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून चावायची पट्टी आम्ही उपचार म्हणून सुचवणार नाही.

या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. सीपॅप हवेच्या दाबानं ती वाट उघडी ठेवतो. पट्टी खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरते आणि त्याला जोडलेली जीभही सोबत पुढे येते. वीज लागत नाही, आवाज नाही, प्रवासात खिशात मावते.

ती कोणाला चालेल हे स्लीप स्टडीच्या (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीच्या) रिपोर्टवरच्या एएचआयवरून, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो त्या आकड्यावरून ठरतं. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडत असेल तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. पट्टी मुख्यतः सौम्य आणि मध्यम आजारासाठी. तीव्र असेल तर आधी सीपॅपच, आणि तोही नीट प्रयत्न करून: मास्कचा साइज बदलून पाहा, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावून पाहा. हवा गळते म्हणून मशीन कपाटात गेलेली घरं पुष्कळ आहेत, आणि तिथे चूक बहुधा मास्कची असते.

मापाची पट्टी म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, त्यांना जोडणारा स्क्रू, दांडी किंवा पंख. प्रत्येक जबड्यात साधारण 8 तरी पक्के दात लागतात. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर आधी त्यावर उपचार. पूर्ण कवळी असेल तर पट्टीला धरायला काही उरत नाही. जबड्याच्या सांध्यात आधीपासून दुखणं असेल तर तेही आधीच सांगा.

सुरुवातीला जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या 50 ते 70 टक्क्यांवर पट्टी ठेवतात. म्हणजे 10 मिमी येत असेल तर 5 ते 7 मिमी. मग काही रात्रींच्या अंतरानं थोडं थोडं पुढे. अनेक स्क्रूंमध्ये पाव फेरा म्हणजे सुमारे 0.25 मिमी. इथेच लोक घाई करतात. एका आठवड्यात भराभर फिरवलं की सकाळी गाल आणि सांधा ठणकतो आणि पट्टी कायमची डबीत जाते. रेडीमेड पट्टीची मोठी उणीव हीच, की बहुतेकींना हे बारीक सरकवणं जमत नाही. शिवाय ती जाड असते आणि सैल झाली की रात्री तोंडातून निसटते.

पहिले काही दिवस लाळ सुटणं, सकाळी दात नीट न जुळणं हे होतंच. जुळणी बहुधा तासाभरात परत येते. काही वर्षांच्या वापरानंतर मात्र पुढचे दात सरकून बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, कायमची बदलू शकते, म्हणून दातांची तपासणी चुकवू नका. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाण्यानं पट्टीचं अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिक) वाकतं, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत डबी राहिली तरी तेच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नाक चोंदलं की पट्टी सहन होत नाही; तेव्हा आधी नाकाचा इलाज.

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडला दातांचे दवाखाने दाट आहेत आणि पंचवटीत डेन्टल कॉलेजही आहे. कुठेही गेलात तरी चार गोष्टी विचारा: पट्टी सरकवता येते का, त्यासाठी दवाखान्यात माराव्या लागणाऱ्या फेऱ्या किमतीत धरल्यात का, तुटली तर दुरुस्ती कोण करणार, आणि पट्टी घालून पुन्हा स्लीप स्टडी कधी. चौथ्याचं उत्तर नसेल तर तिथे पैसे भरू नका. घोरणं थांबलं की घरचे निश्चिंत होतात, पण घोरणं थांबूनही श्वास अडत राहू शकतो.

बाकीच्या पर्यायांत, उताणं झोपल्यावरचा एएचआय कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर कुशीवर ठेवणारा पट्टा उपयोगी पडतो. वजन कमी केल्यानं नक्कीच फरक पडतो. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाला मान्यता दिली, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जिभेच्या नसेला चालना देणारं यंत्र शस्त्रक्रियेनं बसवावं लागतं. ती पहिली पायरी नव्हे. नाकावर चिकटवायची पट्टी नाक मोकळं करते, घसा नाही.

सीपॅप असेल तर तो लगेच विकू नका. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्यांनी तर दुसऱ्या स्टडीचा चांगला रिपोर्ट हातात येईपर्यंत मास्क सोडूच नये.