दुकानात ठेवलेला संग्रह अडकला: ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट की पोलीस?

जुनी खेळणी घेणाऱ्या-विकणाऱ्या एखाद्या साखळी दुकानाच्या शाखेत तुम्ही संग्रह ठेवला आहे, असं धरू. लिओ मॅटेल या जुन्या ब्रँडच्या काळातल्या, मूळ पुठ्ठ्याच्या कार्डासकट हॉट व्हील्स गाड्या, फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक, दोन-चार सीलबंद लेगो सेट. विकलं गेलं की पाव हिस्सा कमिशन दुकानाचं, बाकी तुमचं, असं ठरलं होतं. आता बरेच महिने उलटलेत. काउंटरवरचा मुलगा "सर आले की सांगतो" म्हणतो, सर फोन उचलत नाहीत, आणि मुख्य कंपनीचं उत्तर येतं की ती शाखा स्वतंत्र मालकाची आहे, आमचा संबंध नाही.

इथे बहुतेकांचे पाय आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. मला तो क्रम चुकीचा वाटतो. कुठे जायचं हे राग किती आलाय यावर ठरत नाही. तुम्हाला वस्तू परत हवी आहे की पैसे, आणि हातात कागद कुठला आहे, या दोन गोष्टींवर ठरतं.

कागद आधी पाहा. कमिशनवर ठेवलेली वस्तू विकली जाईपर्यंत तुमचीच असते. दुकानदाराची जागा वाशीच्या बाजारातल्या अडत्याची: माल शेतकऱ्याचा, विकून द्यायचं काम त्याचं, आणि हिशेबपट्टी देणंही त्याच्याच गळ्यात. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २१३ एजंटला हिशेब द्यायला लावतं. कलम २१८ विक्रीचे पैसे, स्वतःचं येणं वजा करून, मालकाच्या हवाली करायला लावतं. पण पावतीवर "अमुक तारखेपर्यंत पसंत पडल्यास खरेदी, नाहीतर परत" अशा अर्थाचं काही असेल तर सावध व्हा. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २४ नुसार अशा व्यवहारात नकार न कळवता मुदतीनंतरही माल ठेवून घेतला, तर मालकी दुकानाकडे जाते. मग तुमच्या वाट्याला उरतं ते फक्त येणं.

दुसरी कटू गोष्ट. दुकानाने तुमची गाडी एखाद्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला रीतसर विकून पैसे दाबले असतील, तर त्या गिऱ्हाइकाकडून ती परत मिळण्याची आशा जवळपास सोडा. तुमच्याच संमतीने माल ताब्यात असलेल्या व्यापारी एजंटाने नेहमीच्या व्यवहारात केलेली विक्री, घेणाऱ्याला काही शंका नसेल तर, मालविक्री कायद्याच्याच कलम २७ प्रमाणे टिकते. वस्तू गेली, भांडण पैशांचं राहिलं. म्हणून कुठेही जाण्याआधी काय विकलं गेलंय आणि काय अजून काचेच्या कपाटात आहे, हे स्वतः दुकानात जाऊन पाहून या. फोटोही काढा.

फक्त पैशांचा प्रश्न असेल, तर माझं मत ग्राहक आयोगाच्या बाजूने. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची आर्थिक मर्यादा वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. तुमचा संग्रह तीन लाखांचा असला तरी तुम्ही घेतलेली सेवा म्हणजे विकून देणं, आणि तिचा मोबदला म्हणजे कमिशन: सुमारे पंचाहत्तर हजार. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रार शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, त्यामुळे डोंबिवलीत राहणाऱ्याने अंधेरीतल्या दुकानासाठी मुंबईत खेटे घालायची गरज नाही. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदतवाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. करारात लवादाचं कलम घुसवलेलं असलं तरी घाबरू नका, २०१८ च्या एमार एमजीएफ प्रकरणानंतर ते ग्राहक तक्रारीला आडवं येत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि "बघतो, करतो" ऐकण्यात ती भुर्रकन जाते.

या वाटेवरचा खरा खड्डा वेगळा आहे. दुकानाचा वकील पहिल्याच उत्तरात म्हणेल की हे गृहस्थ ग्राहक नाहीतच, हे तर व्यापारी. तुम्ही वर्षभर घाऊक पेट्या आणून चढ्या भावाने विकत असाल, समाजमाध्यमावर तुमचं विक्रीचं पान असेल, तर या मुद्द्यात दम आहे. हौसेने जमवलेला संग्रह घर बदलताना एकदाच काढणाऱ्याची बाजू भक्कम. दुसरं असं की आयोगाची पद्धत झटपट निकालाची आहे. "डबा आणला तेव्हाच कोपरा दबलेला होता", "हा ट्रेझर हंट (हॉट व्हील्सचा दुर्मीळ प्रकार) नाहीच, साधा आहे" असा वाद साक्षीपुराव्यात शिरला, की दिवाणी कोर्टात जा असं सांगितलं जाण्याची शक्यता असते. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तेवढ्यावर कुणी भरवसा ठेवू नये.

वस्तूच हवी असेल, म्हणजे बाजारात दुसरी मिळणारच नाही असा तुकडा अडकला असेल, तर दिवाणी दावा महागडा असला तरी त्याला तोड नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ८ जणू संग्राहकांसाठीच लिहिलंय: समोरच्याकडे वस्तू तुमचा एजंट म्हणून असेल, किंवा पैशांनी नुकसान नीट भरून निघणार नसेल, तर नेमकी तीच वस्तू द्यायला कोर्ट भाग पाडू शकतं. सुरुवातीलाच विक्रीवर मनाई मागता येते. कोर्ट आयुक्त नेमून दुकानातल्या मालाची यादी करून घेता येते, आणि ती यादी एकदा झाली की दुकानाची निम्मी हवा जाते. तीन वर्षांची मुदतही, ठेव म्हणून दिलेल्या जंगम मालाबाबत, तुम्ही मागितल्यावर त्याने नकार दिला त्या दिवसापासून मोजतात. मुंबईत धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाचं नाव पुष्कळ जण सुचवतात. पैशांच्या दाव्यांना तिथली मर्यादा दहा हजारांची, तेव्हा दावा शहर दिवाणी न्यायालयातच. कोर्ट फी, वकील आणि वर्षं, तिन्ही मोजावी लागतात. हजार-दोन हजारांच्या लूज, म्हणजे डब्याविना सुट्या, गाड्यांसाठी हा मार्ग धरणं मला तरी पटत नाही.

आता पोलीस. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताला लागतं, आणि व्यापारी किंवा एजंट म्हणून तो केला असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. कागदावर हे जबरदस्त. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मात्र "साहेब, हे दिवाणी स्वरूपाचं आहे" हे वाक्य तयार असतं, आणि नुसता पैसे द्यायला झालेला उशीर असेल तर ते वाक्य चूकही नाही. विक्री लपवली, खोटा हिशेब दाखवला, शटर ओढून माल गायब केला, असं काही असेल तरच इकडे या. तक्रार लिहिताना फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही कलमं सवयीने ठोकू नका. पहिल्यात लबाडी व्यवहाराच्या आधीपासून असावी लागते, दुसऱ्यात माल विश्वासाने हाती आल्यावर ती सुरू होते. एकाच गोष्टीला दोन्ही लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

शिवाय संग्राहकाने एक भलताच हिशेब करायला हवा. पोलिसांनी माल जप्त केला की तो मुद्देमाल होतो. कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सुटेपर्यंत तुमचं चाळीस वर्षांचं कार्ड मुंबईच्या पावसाळ्यात कुठल्या खोलीत कशाखाली पडेल, याची हमी कोणी देत नाही. खटला जिंकाल आणि मिंट, म्हणजे अगदी कोरा, तुकडा बुरशीचे डाग घेऊन घरी येईल.

शाखा की मुख्य कंपनी, कोणावर? तक्रार असो वा दावा, दोघांनाही पक्षकार करा. पाटी कोणाची, पावतीवर जीएसटी क्रमांक कोणाचा, पैसे कोणाच्या यूपीआय खात्यातून येत होते, हे गोळा करा. शाखेला असे अधिकार आहेत असा समज कंपनीने आपल्या वागण्याने करून दिला असेल, तर करार कायद्याचं कलम २३७ कंपनीला हात झटकू देत नाही. माझा अंदाज असा की नाव खराब होण्याची धास्ती शाखेपेक्षा कंपनीला जास्त, त्यामुळे तडजोडीची बोलणी तिकडूनच लवकर सुरू होतात. दुकान चालवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली तर फरक आणखी ठळक होतो: दिवाळखोरी संहितेप्रमाणे कपाटातला तुमचा माल तिची मालमत्ता धरला जात नाही, पण विकलेल्या मालाच्या पैशांसाठी तुम्ही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत.

वाट कोणतीही निवडा, लेखी मागणी आजच पाठवा. दुकानदाराने नेहमीची काळजी घेतली असेल तर पुराच्या पाण्यात गेलेल्या मालाची जबाबदारी एरवी त्याच्यावर येत नाही. पण परत करायची वेळ उलटून गेल्यावर झालेलं नुकसान करार कायद्याचं कलम १६१ त्याच्याच माथी मारतं, म्हणून पत्र जुलैआधी गेलेलं बरं. पत्रात प्रत्येक नगाचं नाव, सेट क्रमांक, अवस्था, ठेवल्याची तारीख आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, शाखेला आणि कंपनीला. मजकुरात अडलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आहे.

आणि पत्राला घाबरून त्यांनी माल परत द्यायला बोलावलं, तर "सुस्थितीत मिळाला" या कागदावर सही करण्याआधी त्यांच्याच काउंटरवर प्रत्येक डबा उघड्या कॅमेऱ्यासमोर फिरवून पाहा. सील, कार्डाचे कोपरे, ब्लिस्टरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा, पिवळेपणा, सगळं. "मागे रांग आहे, घरी जाऊन बघा" म्हणाले तरी.