एसएसडी, रॅम, फॉरमॅट की नवीन मशीन?

संगणक स्लो झाला की पहिला सल्ला येतो ‘रॅम वाढव’, दुसरा ‘फॉरमॅट मारून घे’ आणि तिसरा, बहुतेक दुकानातून, ‘आता नवीनच घ्या’. यातला एकही सल्ला खोटा नाही. पण आठ-दहा वर्षं जुन्या आणि आत फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर तो या क्रमाने लागू पडत नाही.

खिशात हात घालण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क यांचे आलेख असतात. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दिसलं तर दुखणं सापडलं म्हणायचं. एवढी राबणारी डिस्क इतकं कमी काम कशी करते? फिरत्या तबकडीवर सुईला दर वेळी जागा बदलावी लागते आणि त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभरेक बारीक वाचनं, त्यापुढे तिची धाव नाही. विंडोजला सुरू होताना अशी हजारो वाचनं हवी असतात.

एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ५५० एमबीचा वेग मोठ्या फायली हलवताना उपयोगी. रोजच्या वापरात जाणवतो तो बारीक वाचनांमधला फरक. म्हणूनच जुन्या लॅपटॉपला एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीची जागा नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. साटा या जुन्या जोडणीची अडीच इंची एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी थेट बसते. एनव्हीएमई कागदावर पाच-सहा पट वेगवान असली, तरी ब्राउझर, वर्ड आणि फोटो एवढ्याच कामात ती साटापेक्षा वेगळी आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही.

आता रॅम. मेमरीचा आलेख ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. ४ जीबीवर विंडोज १० आणि ब्राउझरचे दहा टॅब म्हटलं की हे होणारच. पण रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं आणि लागेल तसा परत उचलतं. डिस्क फिरती असेल तर खरा खोळंबा इथे होतो. म्हणजे एसएसडी टाकल्यावर रॅमची टंचाईही बरीच सुसह्य होते, रॅम टाकून हार्ड डिस्क मात्र पळायला लागत नाही. एकाच गोष्टीचे पैसे असतील तर आधी एसएसडी. नंतर ४ ची ८ जीबी करा, फरक दिसेल. ८ ची १६ करणं घरगुती कामाला वायफळ. व्हिडिओ एडिटिंग करणारं किंवा मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ चालवणारं कोणी घरात असेल तर गोष्ट वेगळी.

रॅम घेताना डीडीआर३ आणि डीडीआर४ हे तिचे प्रकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, काही लॅपटॉपमध्ये तर ती बोर्डवरच डकवलेली असते. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर तुमच्या मशीनमध्ये कोणती आहे ते सांगतं. एआय सर्व्हरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, एसएसडीचेही चढले. तेव्हा जुन्या डीडीआर३ साठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेली पट्टी शोधण्यात कमीपणा नाही.

फॉरमॅटने, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घातल्याने, जुन्या हार्ड डिस्कवर थोडे दिवस बरं वाटतं, मग अपडेट आणि सॉफ्टवेअर साठत जातात आणि मशीन मूळ पदावर येतं. नको त्या टूलबारांनी आणि जाहिरातींनी पछाडलेल्या मशीनला मात्र तो हवाच. एसएसडी टाकतानाच कोरं विंडोज घालणं सगळ्यात उत्तम. अपवाद एकच: मशीनवर श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल, त्यात वर्षानुवर्षांचं टायपिंग असेल आणि लायसन्सचा कागद हरवलेला असेल, तर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची एसएसडीवर आहे तशी प्रत (क्लोन) करून घ्या. ते फॉन्ट गेले की जुन्या फायलीत मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. क्लोन करण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हार्ड डिस्कची तब्येत बघा. पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा.

सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल आणि पंखा घोंघावत असेल तर आधी धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. आणि ‘पीसी बूस्टर’ नावाची जी सॉफ्टवेअरं असतात, ती काढून टाकल्यानेच मशीन जरा हलकं होतं.

एवढं करून मशीन पळायला लागलं तरी विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तरच चालतं. त्याहून जुन्या मशीनला लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती हा चांगला मार्ग. ४ जीबीत ती निवांत चालते, मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच, वर्डच्या जागी लिब्रेऑफिस आहे. बँक, यूट्यूब, ईमेल एवढंच काम असेल तर नवीन मशीनचे पैसे वाचतात. पण घरी टॅली चालत असेल किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथे आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन घेणंच बरं, वापरलेलं असलं तरी चालेल.

नव्या स्वस्त लॅपटॉपांपासून मात्र जपून. ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डवरच डकवलेली, एसएसडीपेक्षा मंद साठवण) आणि डकवलेली ४ जीबी रॅम असलेल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपपेक्षा एसएसडी टाकलेला, इंटेल आय५ प्रोसेसरचा जुना लॅपटॉप कधीही सरस, शिवाय त्या नव्यात पुढे काही बदलताही येत नाही. वापरलेलं घेताना पिढी आकड्यावरून ओळखा: आय५ पुढे ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. नुसतं ‘आय७ लॅपटॉप’ असं लिहिलेलं असेल तर पूर्ण आकडा मागून घ्या. आय७ नावाचे प्रोसेसर २००८ पासून बाजारात आहेत.