नर कुत्र्यासाठी बेली बँड: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा बंड्या दोन वर्षांचा, खच्ची न केलेला नर. घरात शहाणा, पण बाहेर नवी जागा दिसली की पाय वर. दुकानाची पायरी, बाकाचा पाय, उभ्या गाडीचं चाक, काही म्हणजे काही सुटत नव्हतं. म्हणून बेली बँड घेतला. पोटाभोवती गुंडाळायचा कापडी पट्टा, आत शोषून घेणारं पॅड, वर वेल्क्रो.

आधीच सांगते, याने सवय मोडत नाही. बंड्या आजही खांबापाशी पाय उचलतो, फक्त खांब कोरडा राहतो. जनावरांचा दवाखाना, कुणाचं घर, कुत्र्यांना आत घेणारं कॅफे अशा ठिकाणी तेवढंच हवं असतं. मोकळ्या रस्त्यावर मात्र मी बँड लावत नाही. तिथे त्याला खरोखर लघवी करायची असते, आणि भरलेलं मूत्राशय सामावून घेणं पॅडच्या आवाक्यातलं नाही. खूण करताना, म्हणजे जागेवर आपला वास सोडताना, थोडीशीच लघवी येते, पॅड पुरतं ते तेवढ्याला.

मापात घोळ होतो. कमरेचं माप मागच्या पायांच्या जरा पुढे, जिथे पट्टा प्रत्यक्ष बसणार तिथेच घ्यायचं, छातीचं नाही. दोन बोटं आत जातील इतपत सैल हवा. छाती भरदार आणि पोट आत गेलेलं असेल तर पट्टा चालताना मागे सरकतो. बंड्याचा सरकायचा, मग खांद्यावरून जाणारे पट्टे जोडले तेव्हा थांबला. वेल्क्रोत केस अडकून पकड जाते, म्हणून धुताना बंद करूनच धुवावा. आतलं पॅड संपलं तर साधं सॅनिटरी पॅडही चालतं.

त्वचेचं मात्र गांभीर्याने घ्या. ओलं पॅड अंगाला लागून राहिलं की लाली येते, पुरळ उठतं. मी बाहेरून आल्यावर पट्टा लगेच काढते, पोट ओल्या कापडाने पुसून कोरडं करते. लांब केसांच्या कुत्र्याचे तिथले केस थोडे कापलेले बरे. रात्रभर पट्टा बांधून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरा फरक पडला तो पट्ट्याने नव्हे, दोरीने. पाय उचलण्याआधी तो हुंगतो, मग अंग आडवं वळवतो. 'चल' म्हणायचं ते हुंगतानाच; पाय वर गेल्यावर ओरडून काही उपयोग नाही. पुढे गेला की खाऊ. मातीतलं एक झाड ठरवलंय, तिथे 'कर' म्हटलं की मनसोक्त हुंगायची आणि पाय वर करायची मुभा. हुंगणं सरसकट बंद करू नये, त्याचं अर्धं फिरणं त्यातच असतं. बँड असल्यामुळे हे शिकवताना माझा जीव वर-खाली होत नाही, आणि माझ्या लेखी याची खरी किंमत तीच.

तरी कुठे झालीच, तर रस्त्यावर बाटलीभर पाणी ओतते. घरात किंवा कुणाकडे एन्झाइमचा क्लीनर लागतो, कारण नुसत्या पुसण्याने वास आपल्या नाकाला जातो, त्याच्या नाही. अमोनियाचा क्लीनर टाळा, लघवीसारखाच वास येतो. आणि लघवीवर ब्लीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो.

'नसबंदी करून टाका ना' हे सगळेच सांगतात. तिचा उपयोग होतो, पण हमखास नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७ कुत्र्यांच्या अभ्यासात सुमारे ६० टक्के कुत्र्यांचं खुणा करणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं. जवळजवळ थांबलं असे बरेच कमी. मोठ्या जातींत सांध्यांच्या वाढीसाठी डॉक्टर कधीकधी थांबायला सांगतात. डेस्लोरेलिनचं इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायचं हार्मोनचं औषध, हा तात्पुरता पर्याय आहे, पण त्यात टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन) उतरण्याआधी काही काळ वाढतं, तेव्हा पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो.

खरेदी करताना पॅड पांढरंच घ्या. रंगीत पॅडवर रक्ताचा डाग दिसत नाही, आणि खच्ची न केलेल्या नरांत वय वाढलं की प्रोस्टेट सुजण्याचा त्रास बराच आढळतो. लघवीत रक्त दिसलं, जोर लावावा लागला किंवा अचानक वारंवार जाऊ लागला, तर पट्टा बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे न्या.