हवाबंद पिशवीतला तांदूळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत तांदूळ भरून बरेच महिने झाले. मधले दमट दिवसही येऊन गेले, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. पिशवी कामाची आहे, पण तांदूळ भरताना पुरेसा कोरडा असेल तरच.

किडीचा प्रश्न तिने खरोखर सोडवला. सोंडकिड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि वरून ते भोक बुजवते. म्हणून तांदूळ कितीही चाळा, निवडा, अंडी आत राहतातच. हवाबंद पिशवीत मात्र आतले किडेच श्वासावाटे प्राणवायू संपवत आणतात, नवा मिळत नाही आणि त्यांची वाढ खुंटते. पिशवी उघडल्यावर तळाशी थोडे मेलेले सोंडे सापडले, दाणे धड होते. त्याच पोत्यातला थोडा तांदूळ रोज उघडायच्या डब्यात होता. तो ताटात पसरला तर दाण्यादाण्याला बारीक भोकं, आणि हाताला पांढरं पीठ लागत होतं.

ओलाव्याचं गणित मात्र आपल्यालाच सांभाळावं लागतं. साठवणीच्या तांदळात 14 टक्क्यांहून जास्त ओलावा नको. वर्षभर ठेवायचा तर 13 च्या आत असलेला बरा. पिशवी बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाही, तसा आतला ओलावाही बाहेर जाऊ देत नाही. ओलसर तांदूळ कोंडला की बुरशी, कुबट वास, पिवळे दाणे ठरलेलेच. जागाही सावलीतली हवी. एक बाजू तापली नि दुसरी गार राहिली, तर गार बाजूला आतून पाणी धरतं.

भाताचं म्हणाल तर तांदूळ पिशवीतही जुना होतच राहतो. आता त्याला पाणी जास्त लागतं आणि भात मोकळा होतो, जो मला फार आवडतो. सुवासिक तांदळाचा वास मात्र काळाबरोबर उतरतो, तो लवकर संपवलेला चांगला. बिनपॉलिशचा तर फार दिवस ठेवूच नये; कोंड्यातल्या तेलामुळे तो खवट होतो.

घ्यायचीच तर एका मोठ्या पिशवीऐवजी लहान लहान घ्या. दर वेळी तोंड उघडलं की ताजी हवा आत जाते आणि किड्यांना जीवदान मिळतं. उंदरांपुढे या पिशवीचा काही इलाज नाही, म्हणून मी ती पत्र्याच्या पिंपात ठेवते.